काठी, लाही आणि केरसुणी

साप दिसला की आपल्याकडे माणसाच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या दोनच वस्तू येत राहिल्या. एक काठी आणि दुसरी लाही. ज्याला साप वैरी वाटला त्याने काठी उचलली. ज्याला देव वाटला त्याने लाह्या आणि दूध पुढे ठेवले. या दोघींविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तिसरी एक वस्तू मात्र सहसा कोणी नोंदली नाही, कारण ती बायकांच्या हाती होती आणि घराच्या मागल्या दारी होती. ती म्हणजे केरसुणी. सापाला मारायचे नाही, पुजायचेही नाही. आपल्या परड्यात यावे असे त्याला वाटूच नये अशी व्यवस्था करायची, हे तिचे काम. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या आधाराने या तिघींची हकिकत सांगावी, असा या लेखाचा हेतू आहे.

हे दोन जिल्हे एकत्र घेण्यास कारण आहे. १ ऑगस्ट १९४९ रोजी जुन्या सातारा जिल्ह्यातून 'दक्षिण सातारा' हा जिल्हा वेगळा करण्यात आला आणि २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्याचे नाव सांगली असे झाले. नकाशावर रेघ पडली तरी कृष्णा एकच राहिली. तिच्या पश्चिमेस सह्याद्रीची दाट झाडी आणि धुवांधार पाऊस. पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, जत हा कोरडा व खडकाळ मुलूख. मध्ये काळ्या मातीचा आणि उसाचा पट्टा. भूमी तसे साप. खडकाळ माळावर फुरसे, शेतांत नाग, घोणस आणि धामण, घराच्या आसपास मण्यार आणि कवड्या, पाण्यात दिवड, सह्याद्रीच्या झाडीत हिरवा चापडा. यांपैकी माणसाचे प्राण प्रामुख्याने घेतात ते चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. उरलेल्यांपैकी बहुतेक बिनविषारी किंवा माणसापुरते निरुपद्रवी असतात. पण काठी उगारणारा हात कवड्या आणि मण्यार यांत भेद करीत नाही, आणि धामणीला तर नाग समजून मारण्याची आपल्याकडे जुनीच चाल आहे.

लाहीची परंपरा

सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा हे गाव नागपंचमीसाठी देशभर प्रसिद्ध आहे. समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक येथे आहे. पण शिराळ्याचे नाव दूरवर गेले ते नागामुळे. दंतकथा अशी की, गोरक्षनाथ एकदा भिक्षेसाठी या गावी आले. ज्या घरापुढे ते उभे राहिले त्या घरची गृहिणी मातीचा नाग करून त्याची पूजा करीत होती. म्हणून भिक्षा वाढण्यास उशीर झाला. विलंबाचे कारण कळल्यावर नाथांनी तिला विचारले की, जिवंत नागाची पूजा करशील काय? आणि त्यांच्या कृपेने तिने ती केली. तेव्हापासून शिराळ्यात जिवंत नाग पुजण्याची प्रथा पडली, असे गावकरी श्रद्धेने सांगत आले आहेत.

पंचमीच्या आधी काही दिवस गावातील तरबेज मंडळी रानात नाग धुंडाळीत. नाग सापडला की त्याला मडक्यात ठेवीत आणि मडक्याचे तोंड फडक्याने बांधीत. पंचमीला पूजा होई, अंबाबाईच्या देवळाकडे मिरवणूक निघे, कोणाचा नाग उंच फणा काढतो याची चढाओढ लागे, आणि नंतर नाग पुन्हा रानात सोडून दिले जात. गारुडी आपल्या नागांचे दात पुष्कळदा उपटून टाकीत. शिराळकर तसे करीत नसत आणि याचा त्यांना अभिमान होता.

शिराळ्याबाहेरही श्रावण शुद्ध पंचमीचे नियम घरोघर पाळले जात. त्या दिवशी नांगर धरायचा नाही, जमीन खणायची नाही, भाजी चिरायची नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. त्यामागील कहाणी सर्वश्रुत आहे. शेतकऱ्याच्या नांगराचा फाळ वारुळात शिरतो, नागिणीची पिले मरतात, ती सूड घेऊ लागते आणि शेवटी त्या घरच्या लेकीच्या भक्तीने शांत होते. वस्तुतः साप सूड धरीत नाही. तेवढी स्मरणशक्ती त्याला नाही. तो दूधही पीत नाही. तहानेने व्याकूळ केलेल्या सापाच्या तोंडाशी दूध धरले तर तो ते घोटतो, परंतु ते त्याला पचत नाही आणि कित्येकदा त्यानेच तो मरतो. तरीही या कहाणीत एक खरी गोष्ट आहे, असे आम्हांस वाटते. जमिनीखाली दुसऱ्या कोणाचे घर आहे आणि आपल्या फाळाने ते मोडू शकते, ही जाणीव तिच्यात आहे. नागाची अंडी उन्हाळ्यात घातली जातात आणि पावसाळ्याच्या तोंडी फुटतात. म्हणजे श्रावणात शेतात पिले असतात. वर्षातून एक दिवस का होईना, नांगर थांबवून त्यांना वाट देणाऱ्या लोकांना अडाणी म्हणण्याची घाई करू नये.

आपण ख्रिस्ती माणसे. नागाची पूजा आपल्याकडे नाही. परंतु ज्या शेजाऱ्यांच्या पंगतीला आपण बसतो त्यांच्या मनातील आदर समजून घेणे हे शेजारधर्मात बसते. त्या आदराची उणीव इतकीच होती की, तो सापाला त्याच्या जागी राहू देत नव्हता. ज्याच्याबद्दल आदर आहे त्याला ऐन पावसाळ्यात बिळातून काढून कित्येक दिवस मडक्यात कोंडणे ही त्या मुक्या जिवाला शिक्षाच होती.

काठीचा इतिहास

आता काठीकडे वळू. तिचे एक टोक आपल्याच घरात आहे, हे कबूल केले पाहिजे. उत्पत्तीच्या पुस्तकातील एदेन बागेची कथा आपण बालपणापासून ऐकतो. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली रायतूर येथे छापून प्रसिद्ध केलेल्या 'ख्रिस्तपुराणा'तून ती मराठी ओव्यांत आली. अमलोद्भवी मातेच्या मूर्तीच्या पायाखाली साप असतो आणि ती मूर्ती आपल्या अनेक घरांच्या वेदीवर आहे. त्यामुळे परड्यात निघालेल्या धामणीला ठेचणे म्हणजे सैतानालाच ठेचणे, अशी एक समजूत आपल्या भाविकांत नकळत मुरली आहे. धर्मशास्त्र असे शिकवीत नाही. मोहात पाडणारा तो सैतान. त्याने घेतलेले रूप सापाचे. साप ही देवाने सहाव्या दिवशी निर्माण केलेल्या जीवसृष्टीतील एक निर्मिती आहे आणि ती सृष्टी देवाने चांगली म्हणून पाहिली.

पवित्र शास्त्र सापाविषयी एकाच सुरात बोलत नाही, हेही ध्यानात घ्यावे. गणनेच्या पुस्तकात मोशेने उंच केलेला पितळी साप पाहून दंश झालेले लोक वाचतात आणि योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू त्याच सापाशी आपल्या क्रुसाची तुलना करतो. परंतु पुढे लोक त्या पितळी सापापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. प्रभू येशू आपल्या शिष्यांना सापासारखे चतुर होण्यास सांगतो. जो जीव प्रभूने शहाणपणाचा दाखला म्हणून दिला, तो नुसता द्वेष करण्याजोगा कसा असेल?

काठीचे दुसरे टोक सरकारी कचेरीत होते. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात सर्पदंशाने होणाऱ्या मृत्यूंच्या वार्षिक नोंदी ठेवल्या जाऊ लागल्या. डॉ. जोसेफ फेरर यांचा विषारी सापांवरील प्रसिद्ध ग्रंथ १८७२ साली निघाला. नोंदींबरोबर बक्षिसे आली. साप मारून आणावा, मोजून द्यावा आणि पैसे घ्यावेत, अशी ही योजना होती. सह्याद्रीच्या पलीकडे रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांवर असे इनाम लावण्यात आले आणि लाखोंच्या संख्येने फुरशी मारली गेली. तरी रत्नागिरीतील फुरसे संपले नाही. ते आजही तेथे आहे. ज्या जागी सापाला अन्न आणि आडोसा आहे त्या जागी एक मारला तर दुसरा येतो, हा साधा हिशेब त्या इनामाच्या वह्यांत कोणी मांडला नाही.

पुढे कातड्याचा व्यापार वाढला आणि काठीला बाजारभाव मिळाला. अजगर, धामण, नाग यांची कातडी परदेशी पट्टे आणि पिशव्यांसाठी जाऊ लागली. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९७६ साली सर्पकातड्यांच्या निर्यातीवर बंदी आली, तेव्हा कुठे या व्यापाराला आळा बसला.

साप मारल्याने लाभ कोणाचा होतो? उंदराचा. एक धामण वर्षभरात किती उंदीर आणि घुशी फस्त करते याचा नेमका आकडा देण्याची गरज नाही. ज्याच्या शेतात धामण आहे तो शेतकरी ते जाणतो. उंदराने काय होते हे सातारा जिल्ह्याने एकदा फार महाग किंमत देऊन शिकले आहे. १८९६ साली मुंबईत शिरलेला प्लेग पुढील वर्षांत सातारा जिल्ह्यातही पसरला. उंदीर पडू लागले की लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहत. उंदरांच्या पिसवांतून हा रोग माणसाला होतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत दाखवून दिले.

एका वास्तूची गोष्ट

प्लेगचा उल्लेख आला म्हणून येथे मुंबईतील एका वास्तूची गोष्ट सांगण्याजोगी आहे. परळ येथे जेझुइट संघाचा जुना मठ व चॅपल होते. अठराव्या शतकात इंग्रजांनी ते ताब्यात घेतले आणि तेथे पुढे गव्हर्नरचा बंगला झाला. १८९९ साली त्याच वास्तूत डॉ. वाल्डेमार हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा आली. १९२५ साली तिला हाफकिन इन्स्टिट्यूट असे नाव मिळाले. उंदराच्या रोगाशी लढण्यासाठी उभ्या राहिलेल्या त्याच संस्थेत पुढे सर्पविषावरील प्रतिविष तयार होऊ लागले. उंदीर आणि साप यांच्या हकिकती अशा एका छपराखाली आल्या.

प्रतिविषाचा जन्म दूर देशी झाला, आणि त्याला निमित्त झाला एक पूर. १८९१ साली सायगावच्या दक्षिणेकडील एका प्रदेशात महापूर आला. बिळांत पाणी शिरल्याने नाग गावात घुसले आणि सुमारे चाळीस माणसांना दंश झाले. पाश्चरचे शिष्य डॉ. आल्बेर काल्मेत तेव्हा सायगावच्या प्रयोगशाळेत होते. त्यांनी नागाच्या विषाचा अभ्यास हाती घेतला आणि १८९५ च्या सुमारास फ्रान्समध्ये पहिले प्रतिविष तयार केले. आज आपल्याकडे मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकत्रित काम करते. ते तयार करण्यासाठी विष लागते आणि विषासाठी जिवंत साप लागतो. ज्याला आपण काठीने मारतो त्याच्याच विषापासून आपल्या मुलाचे प्राण वाचवणारे औषध बनते.

शिराळ्याचा नाग पुन्हा मातीचा झाला

१९७२ च्या कायद्याने नाग पकडणे, कोंडणे आणि त्याचे प्रदर्शन करणे हा गुन्हा ठरला होता. तरी शिराळ्याची मिरवणूक चालू राहिली. २००२ सालापासून हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला आणि २०१४ सालच्या आदेशानंतर जिवंत नागांची मिरवणूक, खेळ आणि स्पर्धा थांबल्या. गावात नाराजी होती आणि ती समजण्याजोगी आहे. कित्येक पिढ्यांचा अभिमान एका आदेशाने सुटत नाही. परंतु दंतकथेचा आरंभ आठवून पाहावा. गोरक्षनाथ दाराशी येण्यापूर्वी ती गृहिणी मातीच्याच नागाची पूजा करीत होती. न्यायालयाने शिराळ्याला त्या गृहिणीपाशी परत आणून सोडले.

२०२५ च्या नागपंचमीस केंद्र सरकारने अटी घालून २१ नाग पकडण्याची अनुमती दिली. हेतू स्थानिक तरुणांना नागाविषयी शिक्षण देण्याचा होता. मिरवणुकीला आणि स्पर्धेला परवानगी नव्हती. ही सवलत योग्य की अयोग्य याविषयी मतभेद आहेत. आमचे मत असे की, नाग शिकण्यासाठी तो पकडण्याची गरज शिराळ्याला सर्वांत कमी आहे. नाग कोठे राहतो, केव्हा बाहेर पडतो, काय खातो हे शिराळ्याच्या जुन्या माणसांइतके क्वचितच कोणाला ठाऊक असेल. ते ज्ञान पुढच्या पिढीला सांगितले आणि लिहून ठेवले, तर तीच मोठी परंपरा होईल.

महाराष्ट्रात ही दृष्टी बदलण्यास पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांनी मोठा हातभार लावला. १९८० साली ते ७२ विषारी सापांच्या सहवासात ७२ तास एका काचेच्या खोलीत राहिले. साप विनाकारण चावत नाही, एवढेच त्यांना लोकांना दाखवायचे होते. पुढे १९८६ साली कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. 'सर्पमित्र' हा शब्द त्यानंतर गावोगावी रुळला. तथापि हौसेने साप हाताळून चित्रे काढून घेणारा तरुण हा सर्पमित्र नव्हे. वनखात्याच्या परवानगीने, गाजावाजा न करता साप उचलून जवळच्या योग्य जागी सोडणारा तो खरा मित्र.

केरसुणीचे काम

आता तिसरीकडे येऊ. जुन्या घरांत सापाला दूर ठेवण्याचा विचार वेगळा असा कोणी करीत नसे. तो घर राखण्यातच सामावलेला असे. शेणाने सारवताना भिंतीच्या आणि जोत्याच्या भेगा लिंपल्या जात. कणगी शेणामातीने बंद केली जाई. सांगलीजवळच्या हरिपूर येथे हळद साठविण्यासाठी जमिनीत पेवे खणली जात आणि त्यांची तोंडे हवाबंद केली जात. दाण्यापर्यंत उंदीर पोचला नाही तर उंदरामागे सापही येत नाही. २००५ च्या महापुरात त्यांपैकी पुष्कळ पेवे निकामी झाली. आज धान्य पोत्यांत, पोती कोपऱ्यात आणि कोपरा अंधारात, अशी अनेक घरांची अवस्था आहे.

साप आपल्या परड्यात तीन कारणांनी येतो : अन्न, आडोसा आणि पाणी. ही तिन्ही दूर केली की तो आपण होऊन दूर राहतो. प्रेषितांच्या कृत्यांतील अठ्ठावीसावा अध्याय आपण आठवावा. मेलिता बेटावर संत पौलाने काटक्या गोळा करून विस्तवावर टाकल्या आणि त्या मोळीतून विषारी साप निघून त्याच्या हाताला डसला. बेटावरील लोक आधी म्हणाले की हा खुनी असला पाहिजे. त्याला काही झाले नाही असे पाहून तेच लोक त्याला देव म्हणू लागले. पापाची शिक्षा आणि देवपण या दोन टोकांमध्ये कोणाच्याही ध्यानात साधी गोष्ट आली नाही की, साप सरपणात होता. दोन हजार वर्षांनी आजही तो सरपणातच असतो.

म्हणून सरपण आणि गवऱ्या भिंतीला लावून न रचता घरापासून दूर आणि जमिनीपासून हातभर उंच मांडावरचढ रचाव्यात. कडब्याची गंजी, विटांचा ढीग, फुटकी कौले आणि मोडके सामान घराला चिकटून असू नये. उकिरडा आणि खताचा खड्डा परड्याच्या टोकाला असावा. कोंबड्यांचे खुराडे रात्री नीट बंद करावे, कारण अंडी आणि पिले सापाला ओढतात. दगडी पौळीच्या सांदी चुन्याने किंवा सिमेंटने बुजवाव्यात. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी आणि दाराखालच्या फटीला पट्टी लावावी. खिडकीला टेकणाऱ्या वेली आणि फांद्या छाटाव्यात. अंगणातील गवत पावसाळ्यात वाढू देऊ नये. साप उघड्या जमिनीवरून जाण्यास नाखूष असतो. फुलझाडांभोवती नायलॉनची जाळी टाकून ठेवू नये. तिच्यात बिचारी धामण अडकून तडफडत मरते.

काय करू नये तेही सांगितले पाहिजे. फिनेल, रॉकेल, कार्बोलिक आम्ल, डांबराच्या गोळ्या, लसूण यांनी साप पळतो अशी समजूत सर्वत्र आहे. तिला भरवशाचा आधार नाही. उलट ही रसायने मुलांच्या हाती लागतात आणि पावसाने विहिरीत उतरतात. उंदरांना विष घालणेही शहाणपणाचे नाही, कारण ते विष खाल्लेला उंदीर खाऊन घुबड आणि मांजर मरते. पिंजरा बरा, आणि त्याहून बरे म्हणजे झाकलेले धान्य.

एवढे करूनही साप आलाच, तर त्याच्या आणि वाटेच्या मध्ये उभे राहू नये. मुले आणि कुत्री आत घ्यावीत, दुरून नजर ठेवावी आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. बहुधा मदत येण्यापूर्वीच तो आपल्या वाटेने निघून गेलेला असतो.

दंश झालाच तर दोर आवळू नये, जखम कापू नये, चोखू नये. अवयव हलू न देता तत्काळ रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. मांत्रिकाकडे घालवलेला अर्धा तास पुष्कळदा परत मिळत नाही. मण्यारीचा दंश तर दुखतही नाही. झोपेतच होतो आणि पहाटे पोट दुखू लागते, पापण्या जड होतात. म्हणून पावसाळ्यात जमिनीवर न झोपता खाटेवर आणि मच्छरदाणीत झोपावे. हा उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा.

ज्यांना अंगणच नाही

वाचकहो, येथवर आपण आपल्या परड्याविषयी बोललो. परंतु सर्पदंश कोणाच्या वाट्याला येतो? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली. म्हणजे वर्षाला सुमारे ५८ हजार. त्यांतील एक चतुर्थांशाहून अधिक पंधरा वर्षांखालील मुले होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश उपेक्षित रोगांत केला. उपेक्षित म्हणण्याचे कारण स्पष्ट आहे : यात मरणारी माणसे गरीब असतात. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला.

आपल्या कृष्णाकाठी दरवर्षी बीड, अहिल्यानगर आणि इतर जिल्ह्यांतून ऊसतोड कामगार येतात. पाचटाच्या कोप्यांत ते राहतात, मुले जमिनीवर निजतात, बाया काळोखात पाण्याला आणि आडोशाला जातात. त्यांना भिंत नाही, दाराला फट आहे कारण दारच नाही. ऊस तोडताना घोणस पायाशी असते. महापुरात हेच घडते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा माणसे आणि साप एकाच उंच जागेच्या शोधात होते. पाणी ओसरल्यावर चिखलाने भरलेल्या घरांत शिरताना अशा जागी विजेरी आणि लांब दांडा किती मोलाचा असतो, हे पूरग्रस्त घरांना सांगायला नको.

आमचे काम घरोघर जाऊन आशीर्वाद देण्याचे. घर आशीर्वादताना आम्ही पुढल्या दाराशी पवित्र जल शिंपडतो. साप मात्र मागल्या दाराने येतो. म्हणून घरधन्यांनी मागले परडेही आम्हांस दाखवावे, अशी विनंती आम्ही आता करीत असतो. तेथे सरपण कोठे आहे, मोरीला जाळी आहे की नाही, आजी कोठे झोपते हे पाहून दोन शब्द सांगणे हा आशीर्वादाचाच भाग आहे. तसेच आपल्या धर्मग्रामातील महिला मंडळांनी आणि तरुणांनी या हंगामात काही मच्छरदाण्या आणि विजेऱ्या जवळच्या कोप्यांत पोचवाव्यात. खर्च फार नाही. एखाद्या मातेचे मूल त्याने वाचेल.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाऊदातो सी' या परिपत्रकात या पृथ्वीला आपले सामाईक घर म्हटले. सामाईक घर म्हटले की तेथे नको असलेले शेजारीही आले. शेजाऱ्याशी रोज गळाभेट घ्यावी असे नाही. त्याला दगड मारू नये, त्याच्या वाटेत बसू नये, आणि आपली मुले सुरक्षित राहतील इतके अंतर राखावे. हे अंतर राखण्यास काठी लागत नाही आणि लाहीही लागत नाही. केरसुणी दाराआड उभीच आहे. पाऊस सुरू होण्यापूर्वी परडे झाडून काढावे, आणि घरातील पुरुषांनीही ती हाती घेण्यास संकोच करू नये.